छत्तीसच्या रोलमध्ये अठ्ठेचाळीस

रोज एक फोटो. दोन नाही, दीड नाही, एक. काही बघण्यासारखं दिसो न दिसो, एक जूनपासून परतीच्या विमानात बसेपर्यंत दिवसाला एक फोटो काढायचा, असा निश्चय नामदेवराव खिल्लारे यांनी हॅनोव्हरला आल्यावर चौथ्या दिवशी केला. तो त्यांनी मुलाला आणि सुनेला चहाच्या वेळी सांगितला.

"छान आहे की नाना," यशपाल म्हणाला. "शनिवारी तुम्हाला राजवाड्याची बाग दाखवतो. तिथं फोटो काढा."

"राजवाडा नको."

"मग कोलोनला जाऊ. केवढं मोठं चर्च आहे!"

"चर्चबी नको. इथलंच. खालचं झाड, कालवा, येणारीजाणारी माणसं. रोजचं."

यशपाल इंजिनीयर होता. रोजच्या गोष्टींचा फोटो कशाला काढायचा, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. पण वडील बऱ्याच महिन्यांनी स्वतःहून काहीतरी मागत होते, म्हणून त्यानं मान डोलावली. त्याची बायको क्षमा विद्यापीठात पाण्यावर संशोधन करायची. तिनं फक्त विचारलं, "नाना, कुणाला दाखवायचेत?"

"बघू," नामदेवराव म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

दाखवायचे होते बायकोला, द्रौपदीबाईंना, आणि त्या गेल्या ऑगस्टमध्ये वारल्या होत्या. एवढं सांगितलं की चहाच्या टेबलावर कोण काय बोलणार? म्हणून त्यांनी 'बघू'वर भागवलं.

नामदेवराव एकतीस वर्षं हिंगोली डेपोत एसटीचे कंडक्टर होते. ड्यूटीवरून घरी आले, खाकी शर्ट खुंटीला लावला, की द्रौपदीबाई पाण्याचा तांब्या पुढं करत विचारायच्या, "आज काय बघितलं?" आणि नामदेवराव म्हणायचे, "काय असतंय बघायला? रस्ता." एकतीस वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. औंढ्याच्या पुढं बसमध्ये बाळंत झालेली बाई, परभणीच्या स्टँडवर बकरीचं अर्धं तिकीट काढायला निघालेला म्हातारा, हे सगळं त्यांनी बघितलं होतं. पण अंगात थकवा असायचा, आणि हिला उद्या सांगू, असं वाटायचं. उद्याचा भरवसा एसटीसुद्धा देत नाही, हे कंडक्टरला तरी ठाऊक असायला हवं होतं.

दोघांचे पासपोर्ट एकाच दिवशी निघाले होते. द्रौपदीबाईंचा कोराच राहिला. त्यातला फोटो मोठा करून हिंगोलीच्या घरात भिंतीवर लावला होता. अठ्ठावीस ऑगस्टला त्यांचा पहिला स्मृतिदिन होता. त्या दिवशी वंदना झाल्यावर त्या फोटोपुढं हा अल्बम ठेवायचा, आणि एकतीस वर्षांच्या थकलेल्या उत्तराऐवजी एका उन्हाळ्यापुरतं तरी नीट उत्तर द्यायचं, असा नामदेवरावांचा बेत होता. बेत साधा होता. साधे बेतच माणसाला खड्ड्यात घालतात. अवघड बेत माणूस मुळात करतच नाही.

पहिला खड्डा घरातच होता. यशपालनं आपला डिजिटल कॅमेरा दिला. तीस मेला नामदेवराव सोफ्यावर बसून त्याची बटणं समजून घेत होते. कॅमेऱ्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. विचारणाऱ्याला नाही म्हणू नये, म्हणून नामदेवरावांनी होय म्हटलं. मग त्यानं पुन्हा विचारलं, खात्री आहे का? नामदेवरावांना खात्री होती. क्षमाचे आणि यशपालचे स्वित्झर्लंडच्या सहलीचे दोनशे बारा फोटो त्या खात्रीत गेले.

"जाऊ द्या नाना," क्षमा म्हणाली, "नुसता बर्फच होता."

पण त्या रात्रीची भाकरी नामदेवरावांना गोड लागली नाही. लेकराची चीज आपण बुडवली! त्यांनी तो कॅमेरा डब्यात घालून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि जाहीर केलं, की ज्याचा फोटो हातात धरता येत नाही ते यंत्र आपलं नाही. शेवटी यशपालनं नदीकाठच्या जुन्या बाजारातून त्यांना एक जुना, रोलचा, हातानं खटका ओढायचा कॅमेरा आणून दिला. तो चांगला वजनदार होता. हातात घेतल्यावर त्यांना तिकिटांच्या ट्रेची आठवण झाली, आणि तिथंच त्यांचं जमलं.

आता रोल भरायचा प्रश्न आला. यशपाल म्हणाला, "शिरीषला बोलावू. तो फोटोग्राफीतला दर्दी आहे."

शिरीष पुण्याचा होता आणि सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच्याकडे कॅमेऱ्याची पिशवी एवढी मोठी होती की तो आला तेव्हा नामदेवरावांना वाटलं, मुक्कामाला आला. त्यानं तो जुना कॅमेरा हातात घेऊन एक दीर्घ श्वास सोडला.

"काका, आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. फोटो कॅमेरा काढत नाही. फोटो डोळा काढतो."

"मग कॅमेरा कशाला?" नामदेवरावांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

शिरीषनं हा प्रश्न ऐकला नाही. प्रकाश सकाळी सहाला कसा जिवंत असतो आणि दहाला कसा मरून पडतो, हे तो सांगत राहिला. बोलता बोलता त्यानं कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, रोल घातला, त्याचं टोक पलीकडच्या चाकात खुपसलं, झाकण टपकन बंद केलं, आणि प्रकाशावर पुन्हा आला. त्याची बायको नंदिनी म्हणाली, "शिरीष, त्यांना पोहे तरी खाऊ दे." तेव्हा तो थांबला. जाताना त्यानं शेवटचा मंत्र दिला. "यात फोकस अंदाजानं लावायचा असतो काका. समोरची वस्तू किती मीटरवर आहे, ते आकड्यात फिरवायचं. अंदाज येत नसेल तर सरळ पावलं मोजायची. गेनाऊ, म्हणजे अगदी नेमकी मोजायची!"

नामदेवरावांनी दोन गोष्टी मनावर घेतल्या नाहीत आणि एक घेतली. सकाळी सहाचा प्रकाश त्यांनी सोडून दिला, कारण मुलगा-सून कामावर गेल्याशिवाय घर सोडणं त्यांना बरं वाटेना. दहाची गाडी ठरली ती ठरली. डोळ्याचं तत्त्वज्ञानही त्यांनी शिरीषलाच परत दिलं. पण पावलं मोजायचं त्यांनी शिरसावंद्य मानलं.

एक जूनला ठीक दहा वाजता गाडी सुटली. अंगात राखाडी सफारी, खिशात दोन पेनं, गळ्यात कॅमेरा, हातात वही. मार्गही ठरवून घेतला. घरासमोरचं लिंबाचं झाड, म्हणजे आपलं लिंबू नव्हे आणि कडुनिंबही नव्हे, इथल्या लोकांनी त्या झाडाला लिंडन का काय ते नाव ठेवलंय. तिथून बेकरी, मग छोट्या छोट्या बागांची वसाहत, शेवटी कालवा. वहीत त्यांनी वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या फेरीच्या हिशेबाच्या कागदासारखे, रकाने आखले: क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, काय बघितलं.

तीन जून. दहा वाजून चाळीस. कालवा. लांबलचक होडी कोळसा घेऊन चालली, तिच्यावर दोरीला लहान बाळाची झबली वाळत घातलेली.

सात जून. दहा वाजून पाच. बेकरी. बाहेर कुत्रं बांधलंय. मालकीण आतून त्याच्याशी बोलते, ते ऐकतं.

दहा जून. गाड्यांवर झेंडे. फुटबॉलची मोठी स्पर्धा आहे म्हणे. बागेतल्या मातीच्या बुटक्यालाही झेंडा दिलाय.

या बागांविषयी थोडं सांगायला हवं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या जर्मन माणसाला भाड्यानं गुंठा-दोन गुंठे जमीन मिळते. तिथं तो भाजी लावतो, एक लाकडी खोपटं बांधतो आणि सुटीत त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसतो. याला क्लाइनगार्टन म्हणतात. दुरून बघितलं तर वाटतं, काय सुखी माणसं आहेत! पण या वसाहतीची एक संघटना असते, तिला फेराइन म्हणतात, आणि त्या फेराइनचे नियम असतात. कुंपणाची उंची किती, खोपट्याचं छप्पर किती, जागेच्या किती हिश्शात भाजी पाहिजे, सगळं लिहिलेलं. ते मोजायला कुणीतरी येतं. कधी येतं, ते सांगत नाहीत.

आता अशा ठिकाणी, रोज एकाच वेळेला, सफारी घातलेला एक गंभीर गृहस्थ येतो. तो कुंपणासमोर उभा राहतो. मग कुंपणापासून मागं मागं, ओठ हलवत, पावलं मोजत जातो. फोटो काढतो. घड्याळ बघतो. वहीत लिहितो. आणि एक शब्द न बोलता निघून जातो. त्याला लोकांनी काय समजावं?

नामदेवराव आयुष्यभर तपासनिसाला घाबरले होते. मार्गतपासणीची जीप रस्त्यात आडवी दिसली की बसमधल्या सगळ्यांची तिकिटं बरोबर असूनही ते वेबिल पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागायचे. त्या माणसाला हॅनोव्हरच्या तीसेक कुटुंबांनी तपासनीस करून टाकलं, आणि त्याचा त्यांना पत्ता नव्हता.

त्यांना एवढंच दिसलं, की आपण ज्याचा फोटो काढतो ते दुसऱ्या दिवशी राहत नाही. बारा जूनला त्यांनी हेर व्हिटे (हेर म्हणजे इथं श्रीयुत) नावाच्या ढेरपोट्या गृहस्थाच्या कुंपणाचा फोटो काढला. चांगलं छातीइतकं वाढलेलं, आत चिमण्यांचा गलका. तेरा जूनला ते कुंपण कमरेइतकं झालं होतं. सोळा जूनला मुलांच्या पोहण्याचा निळा हौद टिपला. सतरा जूनला तिथं वाटाणे लावलेले. एका खोपट्याला पुढं पडवी होती, ती दोन दिवसांत गेली. नामदेवरावांना चैन पडेना. आपली नजर लागते म्हणावं, तर तेही म्हणता येईना. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली देव्हाऱ्याबरोबर नजर, उतारा, लिंबू-मिरची हे सगळं घराबाहेर काढलं होतं, आणि त्यानंतर खिल्लाऱ्यांच्या घरात कुणाला नजर लागल्याची नोंद नाही. तेव्हा ते मनातल्या मनात 'योगायोग' म्हणत पुढं जात.

माणसं मात्र फार प्रेमळ निघाली. व्हिटेसाहेब तर कुंपणावरून वाकून "गुटन टाग, गुटन टाग" करत हातात झुकिनी द्यायचे. झुकिनी म्हणजे आपली काकडी आणि दोडका यांनी मिळून केलेला घोटाळा. दुसऱ्या एकीनं वाडगाभर चेरी दिल्या. तिसरीनं जॅमची बरणी दिली. नामदेवराव दोन्ही हात जोडून घ्यायचे. जून संपेपर्यंत क्षमानं झुकिनीची भाजी केली, भजी केली, थालीपीठ केलं, आणि शेवटी ती म्हणाली, "नाना, या लोकांना काय झालंय? आम्ही तीन वर्षं इथं राहतो. आम्हाला कुणी कोथिंबिरीची काडी दिली नाही."

"माणसानं माणसाशी चांगलं वागलं की होतंय," नामदेवराव म्हणाले. आवाजात थोडा उपदेश होता, तो नंतर महागात पडला.

फक्त एक बाई त्यांना काही देत नव्हती. त्यांच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ब्रेनेके. सत्तरीच्या, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांचीही त्या वसाहतीत बाग होती, आणि फेराइनच्या चिटणीसही त्याच होत्या. त्या चिटणीस असल्यामुळं त्यांना पक्कं माहीत होतं, की फेराइननं असा कुठलाही माणूस नेमलेला नाही. नामदेवराव जिन्यात नमस्कार करायचे. त्या घड्याळ बघायच्या.

आणि कॅमेरा? कॅमेरा तर सोन्यासारखा चालला होता. रोल छत्तीस फोटोंचा होता. सहा जुलैला छत्तीस झाले. नामदेवरावांनी सात जुलैला खटका ओढला, तो ओढला गेला. अडतीस झाले, चाळीस झाले. काय माल बनवतात हे लोक! तिकीट छत्तीसचं आणि प्रवास चाळीसपर्यंत! त्यांनी शिरीषला फोन करून विचारलं, तेव्हा तो घाईत होता. "हो हो काका, एकदोन जास्त निघतात कधी कधी," म्हणाला. एकदोनवरून बारा निघाले, तेव्हा नामदेवरावांनी जर्मन उद्योगधंद्याला मनोमन सलाम केला आणि खटका ओढत राहिले.

चौदा जुलैला पत्र आलं. यशपालनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसून वाचलं.

"नाना, तुम्ही लोकांच्या बागा मोजायलात?"

"बागा? छे! पावलं मोजायलो. शिरीषनं सांगितलंय."

"कुणाची परवानगी घेतली? इथं असे कुणाचेही फोटो काढत नाहीत. हे लोक याबाबत फार कडक आहेत. फेराइननं खुलासा मागितलाय. तुम्ही आणि तुमच्या कुटुंबीयांनी वीस तारखेला हजर राहावं, म्हणतात. आणि हे बघा," त्यानं कागदावर बोट ठेवलं, "सदर गृहस्थानं निरीक्षक असल्याचा समज निर्माण करून सभासदांकडून वस्तू स्वीकारल्या, अशी तक्रार आहे."

"कसल्या वस्तू?"

"झुकिनी, नाना!"

नामदेवरावांनी बोटांवर हिशेब केला. एकतीस वर्षं. एकतीस वर्षांत वेबिलावर एक लाल शेरा नाही. परभणीच्या व्यापाऱ्यानं दिवाळीला आणलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी स्टँडवर परत केला होता. आणि परमुलखात येऊन त्यांनी लाच खाल्ली होती. भाजी करून. भजी करून!

"व्हिसावर काही झालं म्हणजे?" यशपालचा आवाज चढला. "एवढं काय अडलंय त्या फोटोंवाचून? कुत्रं, होडी, कुंपण! कुणाला बघायचेत ते?"

"तुझ्या मायला," नामदेवराव म्हणाले.

यशपालच्या हातातलं पत्र हळूच टेबलावर टेकलं. त्यालाही तो प्रश्न माहीत होता. लहानपणी तो त्याच खुंटीखाली अभ्यासाला बसायचा.

क्षमा उठली. "फोटो धुऊन घेऊ," ती म्हणाली. "त्यात कुणाचं काही वाकडं नाही, हे त्यांना दिसलं की झालं. पुरावाच देऊ की."

अठरा जुलैला अठ्ठेचाळिसावा फोटो काढून नामदेवरावांनी रोल दुकानात दिला. दुसऱ्या दिवशी क्षमाबरोबर ते आणायला गेले. काउंटरवरच्या मुलीनं पाकिटातून एक लांब पट्टी काढली आणि खिडकीकडं धरली. पट्टी आरपार स्वच्छ होती. तिच्यातून समोरची ट्राम जाताना दिसली.

मुलगी क्षमाशी बोलली. क्षमानं दोनदा विचारून घेतलं. मग ती सासऱ्याकडं न बघता म्हणाली, "नाना, रोलचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. तुम्ही खटका ओढत होता तेव्हा रोल आत जागचा हललाच नाही."

"एकबी नाही?"

"एकही नाही."

छत्तीसच्या रोलमध्ये अठ्ठेचाळीस फोटो कसे मावतात, ते आता कळलं. मुळात एकही नसेल, तर शंभरही मावतील.

शिरीष संध्याकाळी धावत आला. त्याचा चेहरा पडला होता. "काका, मी बोलत होतो ना तेव्हा… आल्झो, म्हणजे… मला वाटलं बसलं." नंदिनी त्याच्याकडं बघत होती. नामदेवरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होतंय. बसमध्ये बोलणाऱ्या माणसाचंच स्टॉप चुकतंय," म्हणाले. पण जेवले नाहीत. वही उघडून बसले आणि वाचत राहिले. वही होती, पण लिहिलेलं बघितल्यासारखं नसतं. 'कुत्रं ऐकतं' असं लिहिलंय. कसं ऐकतं, ते कोण दाखवणार? तो कान कसा वाकडा झाला होता?

वीस तारखेला फेराइनच्या लाकडी सभागृहात सगळे जमले. समोर अध्यक्ष, शेजारी फ्राऊ ब्रेनेके, त्यांच्यापुढं एक जाड फाईल. बाकांवर हेर व्हिटे आणि इतर सभासद. यशपालनं टाय लावला होता. नामदेवराव सफारीत होते, आणि त्यांच्या हातात जॅमची बरणी होती.

त्यांनी आधी ती बरणी टेबलावर ठेवली. "क्षमा, सांग त्यांना. ही उघडलेली नाही. झुकिनी अकरा होत्या आणि चेरी एक वाडगा. त्या खाल्ल्या गेल्या, त्याला इलाज नाही. पण मला ठाऊक नव्हतं. हे सभेच्या वहीत लिहून घ्या म्हणावं."

क्षमानं सांगितलं. अध्यक्षांनी फ्राऊ ब्रेनेकेंकडं बघितलं. फ्राऊ ब्रेनेकेंनी 'अकरा' लिहून घेतलं.

हेर व्हिटे मागून उठले. "माझं कुंपण!" ते म्हणाले. "पाच वर्षं मी ते वाढवत होतो. या माणसामुळं कापलं!"

"तुमचं कुंपण," फ्राऊ ब्रेनेके फाईलवरून नजर न उचलता म्हणाल्या, "पाच वर्षांत पहिल्यांदा नियमात आलं."

बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मग अध्यक्षांनी विचारलं, की हे गृहस्थ रोज कशाचे फोटो काढत होते, ते फोटो बघायला मिळतील का?

"नाहीत," नामदेवराव म्हणाले. "रोल कोरा निघाला."

सभागृहात कुजबुज झाली. यशपालनं टाय सैल केला. पुरावा कोरा निघाला, असं आरोपीनं सांगितलं की कुठल्याही देशात लोक एकमेकांकडं बघतात.

"आमच्याकडं आहेत," फ्राऊ ब्रेनेके म्हणाल्या, आणि त्यांनी फाईल उघडली.

नामदेवराव खुर्ची ओढून फाईलीपुढं बसले. प्रत्येक पानावर एक फोटो चिकटवलेला, खाली तारीख, वेळ आणि टाइप केलेली एक ओळ. उघडलेल्या पानावर बेकरी होती. बेकरीसमोर पाठमोरे नामदेवराव, वाकलेले, आणि त्यांच्यापुढं ते कुत्रं. त्याचा डावा कान दुकानाकडं वळलेला. क्षमानं खालची ओळ वाचली, "चौकशीखालची व्यक्ती कुत्र्याचा फोटो घेते. कुत्र्याची हरकत नाही."

नामदेवरावांनी पान उलटलं. कालवा, दुसरी एक होडी. लिंडनच्या झाडाखाली पडलेला पिवळा सडा आणि त्यात उभे ते. हेर व्हिटेंचं कुंपण, उंच असतानाचं, चिमण्यांसकट. निळा हौद. पडवी असलेलं खोपटं. झेंडा घेतलेला मातीचा बुटका, आणि त्याच्यासमोर तेवढ्याच गंभीरपणे उभे असलेले नामदेवराव. बाईंनी तक्रारीसाठी पुरावा म्हणून चव्वेचाळीस दिवस त्यांचा पाठलाग केला होता. अठ्ठेचाळीसपैकी चव्वेचाळीस! राहिलेल्या चारपैकी तीन दिवस बाईंना त्यांचा पत्ता लागायच्या आधीचे होते. एक दिवस दातांच्या डॉक्टरचा होता, तशी फाईलमध्ये नोंद होती.

त्यांनी खिशातून वही काढली आणि फाईलीशेजारी ठेवली. बाईंनी क्षमाला विचारलं, हे काय?

"वेबिल," नामदेवराव म्हणाले. "एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, सांग."

क्षमानं सांगितलं. फ्राऊ ब्रेनेकेंनी प्रथमच मान वर केली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्या एक वाक्य बोलल्या. क्षमाला ते मराठीत आणताना हसू आवरेना. "नाना, त्या ट्राममध्ये तिकीट तपासायच्या. अठ्ठावीस वर्षं."

नामदेवराव ताडकन उठून उभे राहिले. ते त्यांनी ठरवून केलं नाही. ते पायांनी केलं. एकतीस वर्षांची सवय होती. तपासनीस गाडीत चढला की कंडक्टर उभा राहतो आणि वेबिल पुढं करतो. त्यांनी दोन्ही हातांनी वही पुढं केली.

बाईंनी चष्मा लावला. अक्षर मराठी, पण तारखा आणि वेळा क्षमा वाचत गेली. बाई एकेक नोंद फाईलशी ताडून बघत होत्या. सात जून, बरोबर. दहा जून, बरोबर. बारा जूनला त्या थांबल्या.

"माझ्याकडं दहा बावीस आहे. यांच्याकडं दहा वीस."

"त्यांचं घड्याळ पुढं आहे म्हणावं," नामदेवराव म्हणाले.

"माझं घड्याळ स्टेशनशी लावलेलं आहे."

"नाना, सोडा," यशपाल कुजबुजला.

"का सोडू? वेळेचा प्रश्न आहे."

शेवटी दोन मिनिटांचा फरक तिथून पुढं सगळीकडं सारखाच आहे, असं ठरलं आणि तो मान्य झाला. सगळ्या नोंदी जुळल्या. बाईंनी शेवटच्या ओळीखाली पट्टीनं रेघ मारली आणि तिच्याखाली सही केली. जगातल्या सगळ्या तपासनिसांसारखी, वाचता न येणारी. नामदेवरावांनी वही परत खिशात ठेवली. वेबिल क्लिअर होतं.

"आता ही फाईल मला द्या म्हणावं," ते म्हणाले.

ते शक्य नव्हतं. फाईल फेराइनचा दस्तऐवज होती. प्रत हवी असेल तर लेखी अर्ज, म्हणजे आंत्राग करावा लागेल, आणि त्यात कारण लिहावं लागेल. कागद आला. क्षमानं पेन उघडलं. "कारण काय लिहू नाना?"

नामदेवरावांनी थोडा विचार केला. मग सांगितलं, आणि तिनं ते तसंच्या तसं जर्मनमध्ये लिहिलं. 'बायको रोज विचारायची, आज काय बघितलं. मी एकतीस वर्षं सांगितलं नाही. ती गेली. आता सांगायचं आहे.'

फ्राऊ ब्रेनेकेंनी अर्ज वाचला. पुन्हा एकदा वाचला. हेर व्हिटे आपल्या टोपीत बघत होते. मग बाईंनी शिक्का घेतला आणि तो नेहमीपेक्षा जरा हळू उमटवला. 'मंजूर.'

सभा संपताना अध्यक्ष यशपालला बाजूला घेऊन म्हणाले, की यंदा वसाहत इतकी नियमात आहे तशी कधी नव्हती, तर वडील पुढच्या वर्षीही येतील का?

तीन दिवसांनी प्रती आल्या. नीट भोकं पाडलेल्या, अनुक्रमणिकेसह, आणि पोच द्यायच्या पावतीसह. बरोबर जॅमची बरणी होती. तिच्यावर चिठ्ठी होती: 'ही आता भेट आहे. नोंद केली आहे.' शिरीषनं नवा रोल भरला. या वेळी तोंड बंद ठेवून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नामदेवराव खाली उतरले, तर फ्राऊ ब्रेनेके दारात उभ्या होत्या, गळ्यात कॅमेरा घालून. क्षमानं नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, फाईल अर्धवट ठेवता येत नाही.

असा तो उन्हाळा गेला. पुढं कंडक्टर, मागं दहा पावलांवर तपासनीस. बोलणं काही नाही. भाषाच नव्हती. वीस ऑगस्टला शेवटचा फोटो कशाचा काढायचा, हे नामदेवरावांना सुचेना. कालवा झाला होता, कुत्रं झालं होतं. ते सहज मागं वळले. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. त्यांनीही लावला. दोन्ही खटके एकदमच वाजले.

अठ्ठावीस ऑगस्टला हिंगोलीत वंदना झाली, जेवणं झाली. द्रौपदीबाईंची धाकटी बहीण प्रभा अल्बम चाळत म्हणाली, "दाजी, जर्मनीला गेलतात का स्वतःला बघायला? बघावं तिथं तुमचीच पाठ!"

"तिला माझी पाठच ओळखीची," नामदेवराव म्हणाले. "रोज सकाळी दारात उभं राहून तीच बघायची."

प्रभा पानं उलटत राहिली. तिनं शेवटचं पान उघडलं. एका बाजूला पहिल्यांदाच समोरून दिसणारे, कॅमेऱ्याआडून एक डोळा मिटलेले नामदेवराव. शेजारी कॅमेऱ्याआडून एक डोळा मिटलेली, ताठ उभी, बारीक केसांची गोरी बाई.

"आणि ही कोण?"

सगळे पाहुणे वळून बघायला लागले. नामदेवरावांनी भिंतीकडं बघितलं. पासपोर्टच्या फोटोत हसायला मनाई असते, म्हणून द्रौपदीबाई गंभीर होत्या. पण हा प्रश्न त्यांनीही विचारलाच असता, आणि प्रभापेक्षा मोठ्यानं विचारला असता. या प्रश्नाला 'रस्ता' म्हणून सुटका नव्हती.

ते त्या फोटोसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. अल्बम मांडीवर घेतला, पहिल्या पानावर आणला.

"सांगतो," ते म्हणाले. "पण पहिल्यापासून सांगावं लागंल."